लिंबाजीआप्पांनी मत सोडलं

सकाळी डेअरीचं शटर वर गेलं की पहिला आवाज कॅनचा नसायचा, लिंबाजीआप्पांचा असायचा.

"शेक्रेटरी, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

मशीन तोवर चालूही झालेलं नसायचं. गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात मी दूध डेअरीचा सचिव म्हणून बरीच वर्षं काढली. दूध मोजायचं, फॅट बघायची, कॅन गाडीत चढवायचे आणि आप्पांची मतं ऐकायची, असं माझ्या कामाचं स्वरूप होतं. त्यातलं शेवटचं काम नेमणुकीच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पा डेअरीच्या संचालक मंडळावर होते. दोन म्हशी, थोडी शेळ्या-मेंढरं, हातात बाभळीची काठी आणि नाकावर चष्मा. ज्वारी खाणाऱ्याला चष्मा लागत नाही, हे त्यांचं ठाम मत. "मग हे काय आहे आप्पा?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ह्यो चष्मा न्हाई. ही भिंगं हायत." गेवराईहून बीडला जाताना एसटी हलकी चालते आणि येताना जड, कारण येताना माणसं बाजार करून येतात, हेही मत. रिकाम्या हातानं येणाऱ्यांचं काय, तर त्यांच्या डोक्यात कोर्टाची तारीख असते, तिचंही वजन असतं.

एकदा गुरांच्या डॉक्टरांनी त्यांची म्हैस गाभण असल्याचं सांगितलं. आप्पा म्हणाले, न्हाई. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. आप्पा म्हणाले, न्हाई. पुढे म्हैस व्याली, रेडकू उभं राहिलं, प्यायलं. आप्पा गोठ्याच्या दारात उभे राहून आठवडाभर म्हणत होते, "हे तिचं न्हाई. कुणाचं तरी भरकटत आलंय." गल्लीत विचारूनही आले, कुणाचं रेडकू हरवलंय का म्हणून. त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, त्या रेडकाचं नाव 'पाहुणा' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

"माणसाला मत पायजे बे," आप्पा कट्ट्यावर बसून म्हणायचे. "ज्याला मत न्हाई त्यो माणूस कशाचा?"

हे सगळं हसून सोडण्यासारखं होतं. एकच मत तसं नव्हतं. त्या मतापायी आप्पा त्यांच्या थोरल्या भावाशी, सखाहरीदादांशी, कित्येक वर्षं बोलत नव्हते.

झालं होतं असं. आप्पा जन्मले आणि थोड्याच दिवसांत त्यांची आई गेली. घरात दुसरी बाईमाणूस नव्हती. चंद्री नावाची एक शेळी होती, तिच्या दुधावर आप्पा वाढले. सखाहरीदादा तेव्हा स्वतःच पोर. ते चंद्रीला शिंगाला धरून उभं करायचे आणि वडील तान्ह्या लिंबाजीला तिच्या आचळाला लावायचे. चंद्रीचं एक शिंग मोडलेलं, दुसरं धड. धड शिंग डावं होतं, असं दादा म्हणायचे. उजवं होतं, असं आप्पा. दादांच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, हा विषय निघाला.

"तू तवा दूध पीत व्हतास. तुला काय ठाव?" दादा म्हणाले.

"पिणाऱ्यालाच ठाव असतंय. धरणाऱ्याचं ध्यान दुसरीकडंच असतंय."

"माझं ध्यान दुसरीकडं व्हतं? मी न्हाई धरली तर तू मेला असतास."

"धरली न्हाई म्हणतच न्हाई मी. चुकीचं शिंग सांगतूस म्हणतोय."

गयाबाई वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, दादा म्होरून धरायचे आन् तुमी मागून प्यायचे. तोंडासमोरून बघितल्यावर डावं-उजवं उलटं दिसणारच की. दोघांचंबी खरं हाय." तेव्हा दोघा भावांचं एकमत झालं ते एवढंच, की गयाबाईंनी मधे बोलू नये. आप्पा ताटावरून उठले. त्या दिवसापासून आप्पा डेअरीला सकाळी यायला लागले आणि दादा संध्याकाळी.

सकाळी दूध ओतता ओतता, भलतीकडंच बघत आप्पा मला विचारायचे, "सांजच्याला दादाचं दूध आलतं का?"

"आलं होतं."

"खोकला व्हता का?"

"थोडा होता."

संध्याकाळी दादा यायचे, उंच, वाकलेले, हळू बोलणारे. कॅनचं झाकण लावता लावता विचारायचे, "सकाळी त्यो बोंबलत व्हता का?"

"होता."

"मंग बरा हाय," म्हणायचे आणि निघून जायचे. ही निरोपाची ने-आण माझ्याकडंच होती आणि दोघांनाही एकमेकांची चौकशी कळू द्यायची नाही, अशी दोघांची सक्त ताकीद होती.

गावात एक छोटा बुद्धविहार आहे, डेअरीच्या मागच्याच गल्लीत. बुद्धपौर्णिमेला तिथं एक तरुण भंते आले आणि थोडे दिवस मुक्कामी राहिले. प्रवचनाचा भोंगा नेमका डेअरीच्या दिशेला होता. त्या दिवशी एक कॅन दूध नासलं. मे महिन्यात दूध नासायला भोंगा लागत नाही, पण आप्पांचं मत तयार झालं. काठी घेऊन ते विहाराकडं निघाले आणि नासलेल्या दुधाचा साक्षीदार म्हणून मलाही ओढलं.

प्रवचन चालू होतं. आप्पा सरळ पुढं गेले.

"भंते, भोंग्यानं दूध नासतंय. हे माझं मत हाय."

"असेल," भंते म्हणाले.

आप्पा भांडायच्या तयारीनं गेलेले. त्यांना आजवर "असेल" असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. "असंल न्हाई. हायच."

"तेही असेल. बसा ना, आप्पा. आपलं मतांविषयीच चाललंय." मग भंत्यांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही बीडला कशानं जाता?"

"एसटीनं."

"एसटी चांगली असते?"

"येताना जड चालती."

"पण पोचवते. मग बीडला उतरल्यावर ती एसटी डोक्यावर घेऊन बाजारात फिरता का? का, तर तिनं मला पोचवलं, ती माझी आहे, आता मी तिला सोडणार नाही?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. "एसटी डोक्यावर कशी घेता येईल?"

"एसटी घेता येत नाही. मत मात्र घेता येतं. मत कामापुरतं वापरावं आणि उतरावं. आम्ही सांगतो तो धम्मसुद्धा पोचण्यासाठीच आहे, डोक्यावर वाहण्यासाठी नाही."

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आन् उतरलोच न्हाई तर?"

"मग गाडी डेपोत जाईल. तिथं झोपावं लागेल."

नंतर खीर आली. खीर गरम, वाटी स्टीलची. भंते म्हणाले, "दोन्ही हात लागतील, आप्पा. काठी खाली ठेवा." आप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि खीर खाल्ली. परत मागून खाल्ली. घरी जाताना काठी तिथंच विसरले.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या कट्ट्यावर, भरल्या गर्दीत, आप्पांनी जाहीर केलं, "आजपासून मी मत सोडलं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. डेअरीच्या चेअरमनची निवड तोंडावर आली होती. मधुकररावांचा एक गट, भाऊसाहेबांचा दुसरा. दोन्हीकडं संचालक सारखेच आणि मधे एकटे आप्पा. आमच्याकडं कुणी 'मत' म्हटलं की विचार कुणालाच आठवत नाही, पेटी आठवते. चहा थंड व्हायच्या आत गावभर झालं, आप्पांचं मत सुटलं. म्हणजे मोकळं झालं. म्हणजे जो आधी पोचेल त्याचं.

दुपारी मधुकररावांची जीप दारात. "आप्पा, चला, देवदर्शनाला जाऊन येऊ." निवडीआधी संचालकांना असं फिरायला नेणं आणि निवडीच्याच दिवशी परत आणणं, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. आप्पा म्हणाले, "जावं का न जावं, आपलं काय मत न्हाई." मधुकररावांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. म्हशींचं काय, असं गयाबाईंनी विचारलं, तर मधुकररावांनी पांढऱ्या कपड्यातले दोन पुतणे धारेला ठेवले. म्हशीनं त्यातल्या एकाला लाथ घातली आणि पाहुण्यानं दुसऱ्याचा मोबाईल चाटला.

वाटेत ढाब्यावर मधुकररावांनी हळूच विचारलं, "मग आप्पा, मत कुणाला?"

"माझ्याकडं न्हाई."

"मग कुणाकडं हाय?"

"सोडलं की."

"कुठं सोडलं?"

"विहारात."

मधुकरराव हात धुवायला म्हणून उठले आणि थेट फोनवर गेले. तेवढ्यात मागून भाऊसाहेबांची जीप आली. "आप्पा, बसा." आप्पा बसले. त्या गाडीत बसू नये, असं त्यांचं मत नव्हतं. पुढं भाऊसाहेबांनीही तेच विचारलं आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. परिणाम असा झाला, की आप्पांना वाटेतच सोडून संध्याकाळी दोन्ही पुढारी, आपापली फळांची टोपली घेऊन, विहाराच्या दारात समोरासमोर आले.

"भंते, आप्पांचं मत तुमच्याकडं हाय म्हणं," मधुकरराव म्हणाले. "आमी विहारापुढं फरशी करून देतो."

"आमी सभामंडप देतो," भाऊसाहेब म्हणाले.

भंते बिचारे गोंधळले. "माझ्याकडे कुणाचंच मत नाही हो. माझंसुद्धा नाही." मग काहीतरी आठवून ते आत गेले आणि काठी घेऊन आले. "आप्पांचं एवढंच राहिलंय इथे."

मधुकररावांनी झडप घालून काठी घेतली. ही आप्पांच्या मताची खूण आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढचे काही दिवस ते आप्पांची काठी टेकत गावातून हिंडत होते, धडधाकट माणूस, आणि भाऊसाहेबांचे लोक पारावर तोंड पाडून बसले होते. आप्पा स्वतः मात्र वडापच्या, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या रिक्षानं, दुसऱ्याच दिवशी घरी आले होते. त्यांना धरून ठेवावं, असं आता कुणालाच वाटलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी तालुक्याहून सहकार खात्याचे अधिकारी आले. हात वर करून निवड. मधुकररावांचं नाव पुकारलं, आप्पांनी हात वर केला. मधुकररावांनी काठी आपटली. भाऊसाहेबांचं नाव पुकारलं, आप्पांनी पुन्हा हात वर केला.

"अहो, एकालाच मत द्यायचं असतं," अधिकारी म्हणाले.

"मत न्हाई सायेब हे. हात हाय निस्ता."

"मग खाली घ्या."

"घेतो. वर असावा का खाली, आपला काय आग्रह न्हाई."

अधिकाऱ्यांनी घाम पुसला, आप्पांचं मत बाद केलं, दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि चिठ्ठी टाकायचं ठरलं. चिठ्ठी उचलायला कोण? दोन्ही गटांना चालेल असा, कुठलंच मत नसलेला माणूस पंचक्रोशीत एकच होता. आप्पांनी बरणीत हात घालून चिठ्ठी काढली आणि घडी तशीच मुठीत ठेवली.

"उघडा की आप्पा!"

"मी न्हाई उघडत. उघडली की परत मत व्हतंय."

शेवटी मूठ अधिकाऱ्यांनी उघडली. मधुकररावांचं नाव निघालं. काठी मात्र त्यांनी परत केली नाही, ती शुभ आहे म्हणून अजून त्यांच्या बैठकीत आहे.

इथवर गाव हसत होतं. गयाबाई हसत नव्हत्या. आप्पांनी आता मत नसण्याचाच हट्ट धरला होता. भाजीत मीठ बरं आहे का, असं बायकोनं विचारलं, तर "सांगता येत न्हाई." गयाबाईंनी मीठ घालणंच बंद केलं. आप्पा अळणी खात राहिले. कट्ट्यावर कुणी म्हणालं, आज ऊन लई हाय, तर आप्पा त्याच्या अंगावर धावून जायचे, "कावून बे? मत मांडतूस? सोड आधी!" जगातल्या सगळ्यांची मतं सोडवायचा विडाच त्यांनी उचलला होता. फॅटवर भांडणारे आप्पा परवडले, असं मला वाटायला लागलं.

एक दिवस गयाबाईंनी त्यांना दंडाला धरून भंत्यांकडं नेलं. दुसऱ्या गावाला जायला भंते पिशवी भरत होते. सगळं ऐकून ते हसले.

"आप्पा, एसटी डोक्यावरून उतरवलीत, चांगलं केलंत. पण आता अख्खा डेपो घेतलाय डोक्यावर."

"आन् सगळं सोडलं सोडलं म्हणत्यात," गयाबाई म्हणाल्या, "त्या शेळीचं शिंग तेवढं सोडत न्हाईत. घराला घर लागून हाय, थोरला भाऊ खोकून खोकून वाळलाय, आन् ह्ये उजव्या शिंगाला धरून बसल्यात."

"शिंगाबद्दल माझं मत न्हाईच," आप्पा ताडकन म्हणाले. "ते मी डोळ्यानं बघितलंय."

भंते पिशवीचा बंद बांधत राहिले. आप्पांना वाटलं ते "असेल" म्हणतील, म्हणून ते थोडे थांबले, पण भंते तेही म्हणाले नाहीत.

थंडी पडली. एका संध्याकाळी दादांचं दूध त्यांच्या सुनेनं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी विचारलं, "खोकला व्हता का?"

"दादा आलेच नव्हते, आप्पा. त्यांना बीडला दवाखान्यात नेलंय. छातीत पाणी झालंय म्हणतात."

आप्पांच्या कॅनमधून दूध सांडलं. सांडलेल्या दुधाकडं बघत ते म्हणाले, "शेक्रेटरी, तुमी येता का संगं? मला एकट्याला न्हाई जमणार."

गेवराईला गाडी बदलून आम्ही बीडच्या एसटीत बसलो. आप्पा खिडकीशी. सारखे पुटपुटत होते. मी कान दिला तर, "डावं व्हतं. दादा, डावंच व्हतं. डावं." आयुष्यभर न म्हटलेला शब्द ते तोंडात बसवून बघत होते. बीडच्या स्टँडवर सगळे उतरले, आप्पा बसूनच.

"उतरा की बाबा," कंडक्टर म्हणाला. "गाडी डेपोत चाललीय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या काळजीतही त्यांना हसू आलं. "भंते लई बेरकी," म्हणाले आणि उतरले.

वॉर्डात दादा उशीला टेकून बसले होते. नाकात नळी. इतके वाळले होते की आधी मला ओळखूच आले नाहीत. आप्पा खाटेपाशी जाऊन उभे राहिले आणि इतक्या वर्षांचं पहिलं वाक्य बोलले.

"दादा, डावंच व्हतं."

दादांनी डोळे बारीक केले. मग हळू आवाजात म्हणाले, "उजवं व्हतं."

"आँ?"

"लई दिस झाले, मला वाटाय लागलंय. धाकट्याचंच खरं असंल. उजवंच."

"न्हाई दादा. डावं. मी बापाशप्पत सांगतो, डावं."

"आता कावून डावं म्हणतूस बे? उजवं म्हणून मी जीव शांत केला, आन् तू..."

"तू धरायचास. तुला ठाव. डावं!"

"तू प्यायचास. उजवं!"

आवाज चढले. दादांना खोकल्याची ढास लागली. नर्स धावत आली, आप्पांना बाहेर काढायला लागली. शेजारच्या खाटेवरच्यांना वाटलं जमिनीचं भांडण आहे, ते वकिलाचा पत्ता सांगायला लागले. दादांनी हातानंच नर्सला थांबवलं. "राहू द्या. बसू द्या त्याला. थांब लिंब्या, हाताला इचारतो. हाताला ठाव असंल."

त्यांनी उजवा हात हवेत धरला, मूठ केली, सोडली. मग डावा धरला. डोकं हलवलं. "म्होरं ये," म्हणाले. आप्पा पुढं वाकले. दादांनी दोन्ही हातांनी आप्पांचे दोन्ही कान धरले, घट्ट, आणि डोळे मिटले. कुठला हात खरा, हे आठवत असावेत. आप्पा तसेच वाकून उभे. कान लाल झाले तरी हलले नाहीत. दादांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "हलू नगंस चंद्रे. लेकराला पिऊ दी."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी चादरीवर पडत होतं आणि कान दादांच्या हातात असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी रडलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दादा त्यातून उठले नाहीत. पण शेवटपर्यंत आप्पा खाटेपाशी होते आणि दोघं रोज भांडत होते, असं सुनेनं मला नंतर सांगितलं. एक दिवस डावं, एक दिवस उजवं, बाजू बदलून.

पुढं माझी बदली दुसऱ्या तालुक्यातल्या डेअरीवर झाली. निघायच्या दिवशी आप्पा फाट्यावर सोडायला आले. नवी काठी होती. जेवणात मीठ परत आलं होतं आणि आदल्याच सकाळी त्यांनी माझ्या मशीनला खोटारडं म्हटलं होतं. मात्र म्हणून झाल्यावर थोडं थांबून, "असंल, माझंबी चुकत असंल," असं पुटपुटले होते. गाडी लांबून दिसली तेव्हा मला राहवलं नाही.

"आप्पा, आता तरी खरं सांगा. शिंग कुठलं होतं?"

आप्पांनी विचार केला. त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला. एसटी आली, दार उघडलं, मी पायरीवर चढलो.

"शिंगाचं न्हाई सांगता येत, शेक्रेटरी," ते खालून ओरडले. "दूध मात्र लई ग्वाड व्हतं."